परमिट

डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही नाही.
अंग सैल पडतं ना,
तेव्हा मेंदूला वाटतं माणूस पडायलाय,
मग तोच हिसका देऊन धरतो.
मी म्हणालो, साहेब, मेंदूला एवढं कळतं
तर मी गादीवर आहे हे कावून कळंना?
ते हसले. दहा गोळ्या लिहून दिल्या.
परभणीहून परत येताना यष्टीत
खिडकीला डोकं टेकलं,
अन् पेडगावच्या पुढं पाय असा उडाला
की शेजारच्या बाईची पिशवी आडवी झाली,
सगळ्या गाडीत लिंबं.

एकतीस वर्षं खांबावर चढलो.
रामपुरी, इरळद, कोल्हा.
श्रावणात शेवाळल्या सिमेंटवर,
मे महिन्यात हात पोळणाऱ्या लोखंडावर,
शिडी मिळाली तर शिडीनं, नाहीतर नुसता.
एकदाही पडलो नाही.
निरोपाच्या दिवशी साहेब हेच बोलले.
शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं.

आता रोज पडतो.
त्याच घड्याळाखाली,
साडेअकरा ते दोनच्या मधे कधीही.

झटका मला नवा नाही.
करंटचा दोनदा खाल्लाय,
डाव्या तळव्यावर अजून वाटाण्याएवढं पांढरं आहे.
पण तो बाहेरून आत येतो.
हा आतून निघतो अन् जायला जागा नाही म्हणून
टाचेतून गादी फाडायला बघतो.

द्वारका कूस न बदलता विचारते,
आज कुठून?
कोल्हा पाटीच्या डीपीवरून.
लागलं का?
नाही.
मग झोपा.

वर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन लावायचा.
निसारभाई उचलायचे.
फीडर बंद?
बंद.
नक्की?
अरे बाबा, बंद. घे परमिट.
पाच कोसांवरून आलेल्या त्या एका शब्दावर
मी उघड्या तारेला हात लावत आलो.
तार दिसते. तिच्यात काय आहे ते दिसत नाही.
आता दिवा मालवून डोळे मिटतो,
मनातल्या मनात विचारतो, बंद?
पलीकडून कुणी उचलत नाही.
मग झोपेला हात लावावा तरी कसा?

परवा उलटं झालं.
मी जागाच होतो.
एकाएकी द्वारकाच्या बांगड्या वाजल्या,
तिचा गुडघा माझ्या बरगडीत बसला.
मी हसत विचारलं, तू कुठून?
ती उठून बसली. बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, वालूरच्या बारवेतून.
खालून तिसरी पायरी. घागर भरलेली होती.
कधीपासून पडतेस?
लगीन झाल्यापासून.
कधी बोलली नाहीस?
तुम्ही घरी कुठं होता रातच्याला?

तांब्यातलं पाणी प्याली, मलाही दिलं.
मी मोजत बसलो,
एकतीस वर्षांच्या रात्रपाळ्या,
अन् खालून तिसरी पायरी.

आज एक वाजून दहाला लाइट गेली.
पंखा चार वेळा फिरला अन् थांबला.
कूलरमधलं पाणी टपटपून गप झालं.
जिनिंगकडचा उजेड आहे, म्हणजे गावठाण फीडर.
कुण्या तरी नव्या पोराचा फोन वाजला असंल,
अंधारात चप्पल शोधली असंल त्यानं,
पकड, टॉर्च, गाडीला किक.
आता चढला असंल.
मी पाय ताठ धरून पडलो.
झोपायचं नाही.
मी इथं उडालो तर तिथं त्याचा पाय सटकंल,
असं काही नसतं, मला माहीत आहे.
तरी.

द्वारकाही जागी आहे, श्वासावरून कळतं.
अंधारात तिनं माझा घोटा शोधला
अन् नुसता धरून ठेवला,
चढणाऱ्याची शिडी खालून कुणी धरावी तसा.
वीस मिनिटं. पंचवीस.
घाम मानेखाली उतरत गेला.

मग पंखा कुरकुरला,
एक पातं, दुसरं पातं,
अन् वारं आलं.

उतरला बघा, ती म्हणाली.
घोटा काही सोडला नाही.